शार्क नियंत्रणावर ऑस्ट्रेलियन सरकारला मत कळवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

पोहणाऱ्यांना शार्कपासून वाचवायला ऑस्ट्रेलियात दोन जुने उपाय आहेत: समुद्रात सोडलेली जाळी आणि ड्रमलाइन, म्हणजे तरंगत्या बोयाला टांगलेला आमिषाचा मोठा गळ. न्यू साउथ वेल्समध्ये जाळी १९३७ पासून लागतात, क्वीन्सलँडचा कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. ते पुढे चालवायचं का, यावर सरकार अधूनमधून तज्ज्ञांचा सल्ला घेतं. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांपैकी ज्यांची मुलं सर्फिंग शिकतात किंवा जे स्वतः डायव्हिंग करतात, त्यांनाही यावर काही म्हणायचं असतं. ते कुठे आणि कसं म्हणायचं, हे सांगतो.

तज्ज्ञांच्या बैठकीत आपल्याला जागा नसते, हे आधी स्पष्ट असू दे. सप्टेंबर २०१५ मध्ये सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात न्यू साउथ वेल्स सरकारने अशी परिषद भरवली. देशोदेशीचे सुमारे ७० तज्ज्ञ आले आणि त्यानंतर राज्याने १.६ कोटी डॉलरची पाच वर्षांची योजना जाहीर केली. अशा ठिकाणी अर्ज करून जाता येत नाही. आपल्यासाठी वाट असते ती लेखी निवेदनाची, तिथल्या भाषेत ‘सबमिशन’ची.

निवेदन कधी मागवतात?

मुख्यतः दोन प्रसंगी. एक, एखाद्या प्रस्तावाचा पर्यावरणीय आढावा चालू असतो तेव्हा. दोन, संसदेची समिती चौकशी करते तेव्हा.

पहिल्याचं ठळक उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचं. २०१४ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने पर्थ आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर ड्रमलाइन लावल्या. केंद्राने राष्ट्रीय हिताचं कारण देऊन पर्यावरण कायद्यातून सूट दिली होती, त्यामुळे त्या फेरीआधी जनतेला कुणी विचारलंच नाही. १७२ शार्क गळाला लागले. त्यात ग्रेट व्हाइट जातीचा शार्क एकही नव्हता, आणि सगळी धास्ती तर त्याचीच होती. पुढे हेच तीन वर्षं चालवायचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र राज्याच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने चार आठवडे हरकती मागवल्या. हजारो निवेदनं आली. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने प्रस्ताव नाकारण्याची शिफारस केली. कारण काय दिलं? व्हाइट शार्कच्या संख्येवर काय परिणाम होईल याबद्दल शास्त्रीय अनिश्चितता फार आहे. विरोधाच्या पत्रांचा ढीग किती उंच झाला, हे कारण त्यांनी दिलं नाही. निवेदन लिहायला बसाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. इथे मतमोजणी होत नाही.

दुसऱ्या प्रकारात सिनेटच्या, म्हणजे केंद्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, पर्यावरणविषयक समितीने याच विषयावर चौकशी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यात जाळी बंद करण्याची शिफारस होती. पण किनारे राज्यांच्या अखत्यारीत येतात आणि समितीची शिफारस कुणावर बंधनकारक नसते; जाळी पुढेही लागत राहिली.

पात्रता

सिनेट समितीला निवेदन कुणीही देऊ शकतं. नागरिकत्वाची अट नाही, स्टुडंट व्हिसावर असलात तरी चालतं. संस्थेतर्फे देत असाल तर संस्थेची तशी मान्यता हवी. केंद्रीय प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, ई-याचिकेचा (ऑनलाइन सह्यांच्या अर्जाचा) नियम मात्र वेगळा आहे. तिच्यावर सही करायला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व किंवा तिथलं वास्तव्य लागतं, म्हणजे पुण्यात बसलेल्या काकांची सही तिथे चालायची नाही.

कागदपत्रं

ठरावीक फॉर्म नाही, फी नाही, प्रतिज्ञापत्र नाही. नाव, पत्ता, फोन आणि ईमेल द्यायचा; पत्ता-फोन प्रसिद्ध करत नाहीत. निवेदन संसदेच्या संकेतस्थळावर चढवता येतं किंवा समितीच्या सचिवांना ईमेलने पाठवता येतं. शेवटची तारीख चौकशीच्या पानावर असते. त्याच पानावर चौकशीचे ठरलेले मुद्दे असतात, ते आधी नीट वाचा. त्यांना धरून नसलेलं निवेदन समिती स्वीकारेलच असं नाही. साच्यातलं पत्र नाव बदलून पाठवण्यापेक्षा स्वतःची दोन पानं कधीही बरी.

त्या दोन पानांत काय असावं? तुम्ही पाहिलेलं, तेही तारीख, वेळ, ठिकाण आणि पाण्याच्या स्थितीसकट. जाळ्यात अडकलेलं कासव पाहिलं असेल तर कुठल्या किनाऱ्यावर, कधी, ते जिवंत होतं का, फोटो आहे का. “सगळेच म्हणतात” हा पुरावा नाही. आणि ज्यावर बोलताय त्याची माहिती पक्की असू द्या. पुष्कळांना वाटतं की जाळ्यामुळे किनारा बंद होतो. न्यू साउथ वेल्समधलं जाळं साधारण १५० मीटर लांब आणि ६ मीटर खोल असतं. शार्क त्याच्या बाजूने जातो, वरूनही जातो. तसंच साधी ड्रमलाइन आणि ‘स्मार्ट’ ड्रमलाइन यांची गल्लत नको. स्मार्टमध्ये प्राण्याने आमिष ओढलं की लगेच संदेश जातो, माणसं बोटीने पोचतात, शार्कला टॅग लावतात आणि किनाऱ्यापासून लांब नेऊन सोडतात. तुमचा विरोध यातल्या कशाला आहे, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

गोपनीयता आणि संरक्षण

हा भाग लोक वाचत नाहीत आणि मग अडचणीत येतात. निवेदन समितीने स्वीकारलं की त्याला संसदीय विशेषाधिकाराचं कवच मिळतं. त्यातल्या मजकुराबद्दल तुमच्यावर बदनामीचा दावा होऊ शकत नाही. पण समितीने प्रसिद्ध करण्याआधी तेच तुम्ही फेसबुकवर टाकलंत तर त्या पोस्टला हे कवच नाही. पाठवलेलं निवेदन समितीचं होतं, ते परस्पर वाटायचं नसतं. नाव झाकायचं असेल किंवा सगळंच गोपनीय ठेवायचं असेल तर पहिल्या पानावर तसं लिहा आणि कारण द्या. अंतिम निर्णय समितीचा. कुणाचं नाव घेऊन टीका केलीत तर त्या व्यक्तीला उत्तराची संधी दिली जाते.

सुनावणी

निवेदन दिलं म्हणजे बोलावणं येतंच असं नाही. समिती निवडक लोकांना बोलावते. आलंच तर सुरुवातीला थोडक्यात आपलं म्हणणं मांडायचं, मग सिनेटर प्रश्न विचारतात. एखादं उत्तर लगेच देता येत नसेल तर ते लेखी पाठवण्याची मुभा मागता येते. झालेल्या बोलण्याचा शब्दशः वृत्तान्त नंतर तुमच्याकडे तपासायला येतो. त्यात लिहून घेताना झालेल्या चुका दुरुस्त करता येतात. बोललेलं मागे घेता येत नाही.