'विझर्ड ऑफ ऑझ' शापित नव्हता, त्याला उजेडाची भूक होती

परवा भाचीने एक रील पाठवलं, "मावशी हे खरं आहे का?" म्हणून. त्यात सांगितलं होतं की 1939 चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा हॉलिवूडचा सगळ्यात शापित सिनेमा, एक नट मरता मरता वाचला, चेटकीण झालेली बाई सेटवर भाजली, दिग्दर्शक टिकेनात, आणि एका सीनमध्ये तर मागे झाडाला कुणीतरी फास घेतलेला दिसतो म्हणे. आधी हा फास निकालात काढू. ते माणूस नाहीये, पक्षी आहे. जंगल खरं वाटावं म्हणून स्टुडिओने प्राणिसंग्रहालयातून मोठे पक्षी आणून सेटवर सोडले होते, त्यातला एक मागे पंख पसरतो. जुन्या अस्पष्ट व्हिडिओ कॅसेटवर तेवढंच काळं काहीतरी हलताना दिसायचं आणि त्यावरून गोष्ट तयार झाली. चांगल्या प्रिंटवर पक्षी स्वच्छ दिसतो.

बाकीच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या शापापेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग आहेत, कारण त्यातल्या बऱ्याचशा रंगापाशी येऊन थांबतात.

1938 च्या ऑक्टोबरमध्ये एमजीएमच्या कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत शूटिंग सुरू झालं तेव्हा रंगीत सिनेमा म्हणजे टेक्निकलर. आणि टेक्निकलरमध्ये रंगीत फिल्म नसायचीच! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः दोन दिवस त्याच विचारात होते. कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिल्मा धावायच्या आणि तिन्ही ब्लॅक अँड व्हाइट. लेन्समधून आलेला उजेड एका काचेच्या ठोकळ्यावर पडायचा, त्या ठोकळ्याच्या मधोमध तिरका अर्धवट आरसा. थोडा उजेड सरळ पुढे जाऊन हिरव्या फिल्टरमधून एका फिल्मवर पडायचा, म्हणजे दृश्यात हिरवं कुठे किती आहे ते तिथे नोंदलं गेलं. उरलेला उजेड काटकोनात वळून जांभळट गुलाबी फिल्टरमधून जायचा, तिथे हिरवं अडायचं, निळं आणि लाल पुढे. तिथे दोन फिल्मा एकमेकींना चिकटून असायच्या, पुढचीला फक्त निळं कळायचं, तिच्यावर लालसर थर असायचा म्हणून निळं तिथेच संपायचं आणि मागचीपर्यंत फक्त लाल पोचायचं.

आता तीन निगेटिव्ह हातात आल्या, पण रंग अजून कुठेच नाही. मग प्रत्येकीवरून जिलेटिनच्या फिल्मवर ठसा काढायचा. जिथे उजेड पडला तिथलं जिलेटिन घट्ट होतं, बाकीचं गरम पाण्यात धुऊन जातं, आणि उंचसखल पृष्ठभाग उरतो, अगदी कापडावर छपाई करायच्या लाकडी ठशासारखा. हा ठसा रंगात बुडवायचा आणि कोऱ्या फिल्मवर दाबायचा. जिलेटिन जिथे जाड तिथे रंग जास्त. असे तीन ठसे एकावर एक, केसाएवढाही फरक न होता. गंमत म्हणजे हिरव्याची नोंद असलेला ठसा हिरव्यात नाही बुडवायचा, मॅजेंटात बुडवायचा, कारण मॅजेंटा हिरवा उजेड शोषून घेतो. दृश्यात हिरवं भरपूर असेल तिथे हा ठसा पातळ, मॅजेंटा कमी, म्हणून प्रोजेक्टरचा हिरवा उजेड आरपार जातो आणि पडद्यावर हिरवं दिसतं. तसंच निळ्याच्या ठशाला पिवळा रंग आणि लालच्या ठशाला निळसर सायन. हे एकदा वाचून डोक्यात बसलं नाही तर घरच्या कलर प्रिंटरची शाई बघा, तेच तीन रंग असतात.

आणि आता मुद्दा. एका लेन्समधला उजेड तीन ठिकाणी वाटला, वर फिल्टरने त्यातला बराच खाल्ला. आजच्या हिशोबात ही सगळी यंत्रणा आयएसओ 5 च्या आसपास काम करायची (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड जास्त लागतो), आपला फोन घरातल्या उजेडात काही शेकडा आयएसओ लावतो म्हणजे फरक किती ते बघा. त्यामुळे सेटवर कार्बन आर्कचे प्रचंड दिवे. तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर जायचं, आणि त्या भट्टीत बर्ट लार सिंहाचा सुमारे 40 किलोचा पोशाख घालून दिवसभर नाचायचा.

रंग दिसावेत म्हणून मेकअपही तसाच. पत्र्याचा माणूस चकाकायला हवा म्हणून बडी एब्सेनच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची बारीक पूड लावायचे. शूटिंगच्या जेमतेम दहा दिवसांत त्याला श्वास घेता येईना, हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, पण काही मायक्रॉनचे कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात, आणि तिथून ते बाहेर काढायला शरीराकडे सोपी वाट नाही. त्याच्या जागी आलेल्या जॅक हेलीला तेच ॲल्युमिनियम पेस्ट करून लावलं. पेस्ट उडत नाही, श्वासात जात नाही. एवढ्या एका बदलाने प्रश्न सुटला, हेली ते लावून शेवटपर्यंत काम करत राहिला. शाप असता तर पेस्टला घाबरला असता का? हेलीला नंतर डोळ्याचं इन्फेक्शन झालं हे मात्र खरं.

चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टनचा हिरवा मेकअप तांब्याच्या संयुगाचा. 23 डिसेंबर 1938 ला चेटकीण धुरात गायब होते तो सीन करताना ती सेटच्या जमिनीतल्या फटीतून पूर्ण खाली जायच्या आधीच जाळ पेटला, चेहरा आणि हात भाजले. भाजलेल्या कातडीतून तांबं शरीरात जाऊ नये म्हणून तो रंग लगेच अल्कोहोलने पुसून काढावा लागला, उघड्या जखमेवर! सहा आठवड्यांनी ती परत आली ती आगीचं काम पुन्हा करणार नाही असं सांगूनच, आणि बरोबरच केलं.

दिग्दर्शक बदलले ते सगळ्यांनाच माहिती असतं. थॉर्पला काढलं, क्यूकर थोडे दिवस, मग फ्लेमिंग, आणि फ्लेमिंग 'गॉन विथ द विंड'वर गेल्यावर कॅन्ससचा, म्हणजे नायिका डोरोथीच्या गावाकडचा तपकिरी भाग किंग विडॉरने केला. ही स्टुडिओची नेहमीची कामाची पद्धत होती, त्यात गूढ काही नाही. आणि शापितांची वयं बघा: एब्सेन 2003 मध्ये 95 व्या वर्षी गेला, हॅमिल्टन 82 व्या.

रंगाचा हट्ट कपड्यांपर्यंत पोचलेला. मूळ पुस्तकात डोरोथीचे बूट चंदेरी, सिनेमात लाल केले, कारण टेक्निकलरमध्ये लाल उठून दिसतो. तिच्या ड्रेसमधला पांढरा दिसणारा भाग खरं तर फिकट गुलाबी होता, शुद्ध पांढरं त्या उजेडात डोळ्यांवर यायचं.

भाचीला मी एवढंच लिहिलं की सिनेमा परत बघ, वादळानंतर डोरोथी घराचं दार उघडते तिथे थांब. आतलं सगळं तपकिरी आणि दाराबाहेर रंग, एकाच शॉटमध्ये. शॉट अख्खा टेक्निकलरच आहे. घराची आतली बाजूच तपकिरी रंगवली होती आणि दार उघडते ती पाठमोरी मुलगी डोरोथी झालेली जुडी गारलंड नाही, तपकिरी ड्रेस घातलेली तिची डबल आहे. ती बाजूला होते आणि निळ्या ड्रेसमधली जुडी पुढे येते.