बिवा सरोवराची शिंपली

जपानच्या बिवा सरोवराच्या दक्षिण टोकाला, अवाझू इथे, पाण्याखाली शिंपल्यांचा एक मोठा थर सापडला. सुमारे 5 हजार वर्षांपूर्वी काठावर राहणाऱ्या माणसांनी आतलं मांस खाऊन टाकून दिलेली ही टरफलं. त्यातली बहुतेक एकाच जातीची, सेताशिजिमीची. ही छोटी शिंपली जगात फक्त याच सरोवरात आणि त्यातून निघणाऱ्या सेता नदीच्या परिसरात सापडते.

जी जात माणसाने हजारो वर्षं खाल्ली तरी संपली नाही, ती आपल्या डोळ्यांदेखत ओसरली. 1957 साली सरोवरातून सुमारे 6 हजार टन सेताशिजिमी निघाली होती. अलीकडे 100 टनही निघत नाही.

दोष फक्त मासेमारीचा नाही. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिचं प्रजनन. सेताशिजिमीत नर वेगळा, मादी वेगळी. दोघं आपापलं बीज पाण्यात सोडतात आणि फलन बाहेरच होतं. बीज पाण्यात बघता बघता पातळ होतं, म्हणून नर-मादी जवळजवळ असावे लागतात. वस्ती विरळ झाली की शिंपली जिवंत असूनही पिल्लं कमी होतात, आणि वस्ती आणखी विरळ होते.

तिचीच चुलत बहीण, आशियाई शिंपली, अमेरिका-युरोपातल्या नद्यांत बेसुमार पसरली आहे. तिथल्या शिंपल्या उभयलिंगी आहेत. अंड्यातला आईचा जनुकसाठा बाहेर टाकला जातो आणि पिल्लू शुक्रपेशीचीच नक्कल म्हणून वाढतं, तेही आईच्या कल्ल्यांत सुरक्षित. एकटी शिंपली नवी वस्ती उभी करू शकते. सेताशिजिमीला हे जमत नाही.

शिवाय तिला स्वच्छ वाळू लागते. बांधकामासाठी दक्षिण भागातली वाळू उपसली गेली, तिथे खोल खड्डे उरले, आणि उन्हाळ्यात त्यांच्या तळाशी प्राणवायू संपतो. 1994 च्या दुष्काळात पाण्याची पातळी 123 सेंटिमीटर खाली गेली. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचलं आणि नंतर पाणवनस्पतींचं रान माजलं. या रानात प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, वाळू चिखलाखाली जाते.

म्हणून आता तिथे आधी पाणवनस्पती उपटतात, काही ठिकाणी नवी वाळू पसरतात, आणि मग संवर्धन केंद्रात वाढवलेली इवलीशी पिल्लं तिच्यावर सोडतात.