विकास शुल्काचा भुर्दंड नेमका कोणाला?

‘रस्ते, पाणी, ड्रेनेजसाठी बिल्डरकडून शुल्क घेतलं की तो ते घराच्या किमतीत चढवतो’, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे अर्धसत्य आहे. बाजारात मिळेल तेवढा भाव बिल्डर आधीच घेत असतो; शुल्क लागलं म्हणून ग्राहकाची ऐपत वाढत नाही. जमीन घेताना तो हिशेब उलटा मांडतो. समजा, विक्रीतून 100 येणार, बांधकामाला 60, नफा 15. म्हणजे जमिनीला 25. शुल्क 5 असेल, तर जमिनीला 20 उरतात. बोजा बराचसा जमीनमालकाकडे सरकतो.

मात्र शुल्क आधीच जाहीर हवं, हे मी आग्रहाने सांगेन. जमीन घेतल्यावर अचानक लादलं, किंवा मालकाने कमी भावात जमीन विकलीच नाही, तर प्रकल्प अडतात, घरं कमी पडतात आणि मग भाव खरोखर चढतात.