कॉलेज करता करता हस्तकलेचं दुकान: शॉप ॲक्ट, उद्यम, पहचान कार्ड, जीएसटी, कुणाला काय लागतं

टेक्स्टाईल शिकणाऱ्या पोरापोरींचं गाडं साधारण एकाच ठिकाणी अडतं. ब्लॉक प्रिंटचे स्टोल, क्रोशेच्या पर्स, हूपवरची एम्ब्रॉयडरी इन्स्टावर विकली जातेय, पैसे साध्या सेव्हिंग खात्यात येतायत, आणि एक दिवस बँकेतून सांगतात की धंदा करताय तर करंट अकाउंट काढा. मग कुणीतरी म्हणतं आधी जीएसटी काढ, कुणी म्हणतं शॉप ॲक्ट, आणि एजंट म्हणतो सगळं मिळून अमुक हजार द्या. थांबा जरा. एकट्याच्या नावावरच्या धंद्याला करंट अकाउंट काढताना धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागतात आणि ते दोन कागद घरबसल्या निघतात: शॉप ॲक्टची (दुकानांच्या कायद्याखालची) पावती आणि उद्यम, म्हणजे केंद्राच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं सर्टिफिकेट. जीएसटी त्यानंतरचा विषय, आणि सुरुवातीला बहुतेकांना लागतच नाही.

पात्रता म्हणाल तर विद्यार्थी असणं कुठेच आड येत नाही. वय १८ पूर्ण नसेल तर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर सुरू करणं सोयीचं. पॅन कार्ड आणि मोबाईल नंबर लिंक असलेलं आधार मात्र हवंच, ओटीपी त्याच नंबरवर येतो. जुना नंबर लिंक असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तेवढं करून घ्या.

शॉप ॲक्ट, म्हणजे आपला गुमास्ता. महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आल्यापासून १० पेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीनंतर २० पेक्षा कमी) कामगार असतील तर लायसन्स वगैरे काही नाही, फक्त कामगार खात्याला ऑनलाइन सूचना द्यायची, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत. फॉर्म एफ भरायचा, पावती मिळते फॉर्म जी मध्ये, फी किरकोळ. लागतं काय तर फोटो, सही, आधार, पॅन, स्वयंघोषणापत्र आणि दुकानाचा असा फोटो ज्यात मराठी पाटी दिसते. घरातूनच करत असाल तरी दारावर छोटी पाटी लावा आणि दार, पाटी एकाच फ्रेममध्ये येईल असा फोटो काढा. पाटीबद्दल अजून एक, २०२२ च्या दुरुस्तीनंतर १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव सक्तीचं झालंय आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे वर मोठ्ठं स्टायलिश इंग्रजी आणि खाली बारीक मराठी, असा लोगो असेल तर पाटीपुरता बदला.

उद्यम रजिस्ट्रेशन पूर्ण फुकट आहे. सर्च केलं की वरती सरकारी वाटाव्यात अशा खाजगी साइट येतात आणि पैसे घेतात, तिथे भरू नका, पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन आहे का बघा. कागद अपलोड करायचा नसतो, आधार आणि पॅनवर काम होतं. खरी गंमत एनआयसी कोडची, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी आकड्याची आहे. फॉर्म विचारतो की तुम्ही उत्पादन करता, सेवा देता की ट्रेडिंग, आणि दुकान आहे म्हणून लोक बिनधास्त ट्रेडिंगवर टिक करतात. किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये परत घेतलं खरं, पण त्यांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता. तुम्ही स्वतः हाताने बनवताय ना, मग उत्पादन निवडा. कापड आणि कापडाच्या वस्तू कोड १३ खाली येतात, अंगावर घालायचे कपडे १४ खाली. रिन्यूअल नसतं.

आता पहचान कार्ड, ज्याची माहिती कॉलेजात फारशी कुणी देत नाही आणि माझ्या मते हस्तकलावाल्याला सगळ्यात उपयोगी तेच. केंद्राच्या वस्त्र मंत्रालयातलं हस्तशिल्प विकास आयुक्तांचं कार्यालय हे कारागीर ओळखपत्र देतं. खात्याचे मेळे, प्रदर्शनातले स्टॉल, ट्रेनिंग, सगळीकडे आधी हेच विचारतात. अर्ज ऑनलाइन, पण नंतर पडताळणी होते, म्हणजे तुम्ही खरंच ती कला करता का हे बघतात. तयार माल घेऊन जाल तर तो बाजारातूनही आणलेला असू शकतो, म्हणून अर्धवट काम सोबत ठेवा. हूपमध्ये अडकवलेलं कापड, सुई ओवलेली, मागची बाजू दिसेल असं. हाताच्या टाक्याची मागची बाजू लगेच ओळखू येते. मागावर विणणाऱ्यांनी इथे अर्ज करू नये, हातमागाचं खातं वेगळं आहे आणि विणकरांचं कार्डही वेगळं.

जीएसटीचं नीट वाचा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. एरवी दुसऱ्या राज्यात माल पाठवला की नोंदणी सक्तीची होते, पण सरकारच्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना तिथेही सूट आहे, देशभरची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर. अट अशी की वस्तू मुख्यतः हाताने बनलेली हवी, थोडंफार मशीन वापरलं तरी चालतं, पॅन हवं आणि परराज्यात जाणाऱ्या पार्सलला किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल, म्हणजे माल पाठवतानाचं ऑनलाइन बिल काढायचं. हे शेवटचं फार जण सोडून देतात. आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या ठिकाणी विकायचं तर गणित बदलतं, तिथे नोंदणीशिवाय फक्त राज्यातल्या राज्यात विकता येतं, ऑक्टोबर २०२३ पासून, तेही पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन. बाहेरच्या राज्यातली ऑर्डर घ्यायची असेल तर जीएसटी काढा. इन्स्टावर डीएममधून ऑर्डर घेऊन कुरियर करणं या ॲमेझॉनवाल्या नियमात येत नाही.

कर्जाचं विचारत असाल तर एवढ्याशा दुकानाला केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेचा शिशु गट पुरतो, ५० हजारांपर्यंत, तारण नाही. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सबसिडी चांगली आहे, महिलांना शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, पण प्रोजेक्ट रिपोर्ट, ट्रेनिंग, बँकेची मंजुरी हे सगळं परीक्षा सांभाळून होत नाही, डिग्री झाल्यावर शिलाई मशीन-बिशीन घेऊन मोठं करायचं असेल तेव्हा बघा.

मालाच्या नावाबद्दल मात्र सावध राहा. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. मशीनवरच्या जरीच्या ब्रोकेडची पर्स शिवून ती पैठणी पर्स म्हणून विकू नका, पैठणी डिझाइनची म्हणा आणि कापड काय आहे ते लिहा.

आणि हॉस्टेल सोडून दुसरीकडे गेलात किंवा दुकानाचं नाव बदललं तर शॉप ॲक्टमध्ये बदलाची सूचना द्या, उद्यममध्ये पत्ता स्वतःच लॉगिन करून अपडेट होतो, तेवढं झालं की दोन्हीची नवी पीडीएफ बँकेत देऊन या.