हायड्रोकार्बनांचे नामकरण

केवळ कार्बन व हायड्रोजन यांनी बनलेल्या संयुगांना त्यांच्या संरचनेवरून नाव देण्याची पद्धती. नावाच्या पूर्वार्धावरून मुख्य शृंखलेतील कार्बन अणूंची संख्या कळते, तर ‘-एन’, ‘-ईन’ व ‘-आइन’ या प्रत्ययांवरून अनुक्रमे केवळ एकेरी बंध, दुहेरी बंध व तिहेरी बंध यांचा बोध होतो, उदा., प्रोपेन, प्रोपीन, प्रोपाइन.

हे प्रत्यय बहुधा रासायनिक नामकरणासाठी १८९२ मध्ये भरलेल्या जिनीव्हा परिषदेशी जोडले जातात. मात्र ते १८६६ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट व्हिल्हेल्म फोन हॉफमान यांनी सुचविले होते. हायड्रोजनाचे दोन अणू कमी झाले की प्रत्ययातील स्वर रोमन वर्णक्रमाने (ए, ई, आय, ओ, यू) एकेक पायरी पुढे न्यावा, अशी त्यांची योजना होती. स्वरक्रमाचा उपयोग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त लोरां यांनी त्याआधीच केला होता, पण त्यांचे स्वर हायड्रोजनाच्या जागी आलेल्या अणूंची संख्या दर्शवीत. त्यामुळे प्रचलित प्रत्ययांचे श्रेय हॉफमान यांना देणेच अधिक सयुक्तिक वाटते. परिषदेने त्यांपैकी पहिले तीनच प्रत्यय स्वीकारले. हॉफमान यांची ‘क्वार्टेन’, ‘क्विंटेन’ ही लॅटिन संख्यांवरील नावे मात्र टिकली नाहीत. चार कार्बनांच्या अल्केनाला (केवळ एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनाला) लोण्यातील ब्युटिरिक अम्लावरून ब्युटेन हे नाव राहिले आणि पेंटेनपासून ग्रीक संख्या रूढ झाल्या, तरी नोनेन व अनडेकेन यांत लॅटिन अंश उरलाच.

शाखायुक्त रेणूत सर्वांत लांब शृंखला जनक (मुख्य) मानून शाखांना लहानात लहान क्रमांक मिळतील अशा टोकापासून ती मोजतात. त्यानुसार पेंटेनाच्या इतर दोन समघटकांची (रेणुसूत्र तेच पण संरचना वेगळी असलेल्या संयुगांची) नावे २-मिथिलब्युटेन व २,२-डायमिथिलप्रोपेन अशी होतात. असंपृक्त (दुहेरी वा तिहेरी बंध असलेल्या) शृंखलेत त्या बंधाच्या क्रमांकाला शाखांच्या क्रमांकांपेक्षा अग्रक्रम असतो. जनक शृंखला निवडताना पूर्वी बहुबंध (दुहेरी वा तिहेरी बंध) असलेल्या शृंखलेला प्राधान्य मिळे. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींनी ते लांबीला दिले. म्हणून ज्या संयुगाला २-एथिलपेंट-१-ईन म्हणत, त्याचे ग्राह्य नाव आता ३-मिथिलिडीनहेक्झेन असे होते. जुनी पाठ्यपुस्तके वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे.

काही रूढ नावे अधिकृत रीत्याही टिकून आहेत. ईथाइनासाठी ॲसिटिलीन हेच नाव २०१३ च्या शिफारशींत पसंतीचे ठरले. ईथीनाला मात्र ती सवलत नाही, जरी उद्योगात इथिलीन हेच नाव चालते. वलयी अल्केनांना ‘सायक्लो-’ हा उपसर्ग लागतो. बेंझीन व टोल्यूईन ही नावे कायम आहेत.