स्लीप की हायबरनेट? झाकण मिटल्यावर तुमचं काम कुठे असतं?

लॅपटॉपचं झाकण मिटलं की स्क्रीन काळी होते, पंखा थांबतो आणि तो बंद झाला असं आपण धरून चालतो. खरं तर बहुतेक वेळा तो स्लीपमध्ये गेलेला असतो. हायबरनेट झालेला लॅपटॉपही दिसतो अगदी तसाच. फरक इतकाच की तुमचं अर्धवट काम त्याने कुठे ठेवलंय.

स्लीपमध्ये ते रॅममध्येच, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतं. रॅममधली माहिती म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. त्यामुळे साधारण दर 64 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 15-16 वेळा, प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो. लॅपटॉप झोपला तरी ही भरणी चालूच असते आणि तिचा खर्च बॅटरीतून जातो. बॅटरी संपली, की सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

हायबरनेट रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतो आणि मग वीज तोडतो. विंडोजमध्ये त्यासाठी सी ड्राइव्हवर एक लपवलेली, काही जीबींची फाइल असते. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण उघडलेली पानं, अर्धं लिहिलेलं पत्र, सगळं जिथल्या तिथे मिळतं. मधे बॅटरी पार उतरली तरी काही बिघडत नाही.

बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे मॉडर्न स्टँडबाय. मोबाइलसारखा तो झोपेतही मेल, अपडेट यांच्यासाठी अधूनमधून जागा होतो. मी एकदा लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून बॅगेत ठेवला आणि प्रवासाला निघालो. दोन तासांनी काढला तर तळ हाताला चटका बसेल इतका तापलेला, आणि सकाळी भरलेली बॅटरी निम्म्यावर. तेव्हापासून बॅगेत जाणारा लॅपटॉप मी हायबरनेटच करतो. चहाला उठायचं असेल तर स्लीप उत्तम, त्यात वाद नाही.

हायबरनेटने एसएसडी, म्हणजे चिप्सवर माहिती साठवणारी डिस्क, सतत लिहून झिजते ही भीती मला अवाजवी वाटते. रोज 8 जीबी लिहिले तरी वर्षाला जेमतेम 3 टीबी (1 टीबी म्हणजे सुमारे 1000 जीबी) होतात, आणि 500 जीबीच्या बहुतेक एसएसडींची लिखाणाची हमी 100 टीबीच्या वर असते.

बॅटरी सेव्हरचा स्लीप आणि हायबरनेट या दोन्हींशी संबंध नाही. तो चालू लॅपटॉपचा उजेड आणि मागे चाललेली कामं कमी करतो, एवढंच.

विंडोजच्या पॉवर मेनूत हायबरनेट बहुधा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांनी काय करावं हे ठरवण्याच्या पानावर त्याची खूण करावी लागते. झाकण मिटल्यावर काय व्हावं हेही तिथेच ठरतं, बॅटरीवर वेगळं आणि चार्जर लावलेला असताना वेगळं. माझ्याकडे बॅटरीवर हायबरनेट आहे, चार्जरवर स्लीप.