पाल, घरातील (हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस)

सरीसृप वर्गातील गेकोनिडी कुलाची, निशाचर व कीटकभक्षी जाती. भिंतीवर दिसणारी प्रत्येक पाल याच जातीची नसते. हेमिडॅक्टिलस प्रजातीतल्या इतरही काही जाती घरांत राहतात. या जातीचे वर्णन द्यूमेरिल व बिब्रों या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांच्या १८३६ मधील ग्रंथात आले आहे. प्रजातीचा नामार्थ ‘अर्धे बोट’ असा असून, बोटांचा फक्त बुडाकडील भाग रुंद असतो, त्यावरून ते नाव पडले.

शेपटीसह लांबी साधारण ७ ते १५ सेंमी. रंग दिवसा करडा-तपकिरी, रात्री फिकट. पोटाची त्वचा इतकी पातळ असते की, काचेवर बसलेल्या मादीच्या पोटातली दोन पांढरी अंडी बाहेरून दिसतात. मूळ शेपटीवर बारीक काटेरी उंचवट्यांच्या रांगा असतात, तुटून पुन्हा वाढलेल्या शेपटीवर मात्र त्या नसतात, त्यामुळे केवळ शेपटीवरून ओळख पटवणे धोक्याचे. नराच्या मांड्यांखालील रंध्रांची सलग ओळ हे अधिक भरवशाचे लक्षण होय. पापण्या नसल्यामुळे ती डोळे जिभेने पुसते. ‘चुकचुकणे’ हे क्रियापद तिच्या आवाजाचे अनुकरण असावे.

तिचा मूळ प्रदेश दक्षिण व आग्नेय आशिया मानला जातो. परंतु माणसाबरोबरचा तिचा प्रवास इतका जुना आहे की, नैसर्गिक सीमा कोठे संपते व जहाजातून आलेली वस्ती कोठे सुरू होते, हे ठरविणे कठीण जाते. कठीण कवचाची अंडी फटींत टिकून राहतात व मादी शुक्राणू दीर्घकाळ साठवू शकते. म्हणजे मालातून गेलेली एकटी मादीही नवी वस्ती उभारू शकते. पॅसिफिक बेटांवरील तिचा मोठा प्रसार बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा व त्यानंतरचा असावा. ऑस्ट्रेलियात ती डार्विनमध्ये १९६० च्या दशकात, तर ब्रिस्बेनमध्ये १९८० च्या दशकात स्थिरावली. मेक्सिकोतही ती पोहोचली आहे.

या प्रसाराचा फटका स्थानिक पालींना बसला. पॅसिफिक बेटांवरील इमारतींतून लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस ही नराविना प्रजनन करणारी जाती मागे हटली. नवी पाल तिला मारून हुसकावते, हे एक स्पष्टीकरण दिले जाई. १९९० च्या दशकातील प्रयोगांवरून मात्र अन्नासाठीची स्पर्धा हे कारण अधिक ग्राह्य वाटते. दिव्याभोवती कीटक एका जागी गोळा होतात आणि मोकळ्या, सपाट भिंतीवर मोठी, चपळ पाल ते आधी टिपते. भिंतीला अडथळे असले की हा फरक कमी होतो. मॉरिशसच्या परिसरातील नॅक्टस पालींच्या ऱ्हासाशीही तिचा संबंध जोडला जातो. त्या आता मुख्यतः छोट्या बेटांवर उरल्या आहेत.